पाणी प्यायल्यावर पोट का फुगते? : प्रत्याध्मानाच्या निमित्ताने

"डॉक्टर, नुसतं पाणी प्यायलं तरी पोट फुगतं," ही तक्रार ज्याने ऐकली नाही असा चिकित्सक विरळाच. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही हे वाक्य अलंकारिक समजत असू. रुग्ण आपली व्यथा थोडी वाढवून सांगतो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. पाण्यात ना डाळ, ना बेसन, ना वाटाणा. फुगण्यासारखे त्यात आहे तरी काय, असे मनाशी म्हणून आम्ही हिंग्वष्टक चूर्णाच्या पुड्या बांधून देत असू. आठ दिवसांनी रुग्ण परत येई आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवी. रुग्ण सांगतो ते अक्षरशः खरे असू शकते, हे मान्य करावयास आम्हांस बराच काळ लागला. या लक्षणाचा विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आधुनिक शरीरक्रियाविज्ञान काय सांगते ते पाहू. रिकाम्या पोटी प्यायलेले साधे पाणी जठरात फार काळ राहत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत त्यातील निम्मे लहान आतड्यात उतरते व तेथेच त्याचे मुख्यतः शोषण होते. मोठ्या आतड्यातील जंतूंना आंबविण्याजोगे पाण्यात काही नसते. तेव्हा पाण्यापासून वायू निर्माण होत नाही, ही आमची जुनी समजूत चुकीची नव्हती. चूक होती ती पुढच्या निष्कर्षात. वायू निर्माण होत नाही म्हणून पोट फुगणार नाही, असे मात्र नाही.

पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा गिळली जाते. सावकाश, बसून, ओठ लावून पिणाऱ्याच्या पोटात ती अल्प जाते. उभ्याने गटागटा पिणाऱ्याच्या किंवा तांब्या वर धरून तोंडात धार सोडणाऱ्याच्या पोटात ती बरीच जाते. वरून पिण्याची आपली रीत उष्टे टाळण्यासाठी आहे आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ती उत्तमच. परंतु धार आणि श्वास यांचा मेळ न जमणाऱ्या माणसाला ती मानवत नाही. बाटली तोंडात दाबून पिणाऱ्यांचेही तेच. सोड्याची गोष्ट तर वेगळी सांगावयास नको. पोट फुगले म्हणून लोक सोडा पितात, मोठी ढेकर येते आणि बरे वाटते. बाहेर पडतो तो बहुतांशी त्या सोड्यातलाच वायू, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट जठराच्या स्वभावाची. निरोगी माणसात अन्नपान आत येऊ लागताच जठराचा वरचा भाग सैल पडतो आणि आलेल्यास जागा करून देतो. काही जणांत हे सैलावणे अपुरे होते, तर काही जणांत जठराची भिंत थोड्याशा ताणानेही तक्रार करू लागते. अशा रुग्णांना पोट भरेपर्यंत साधे पाणी पिण्यास सांगण्याची एक परीक्षा आधुनिक वैद्यकात आहे. निरोगी माणसाच्या मानाने ते कमी पाण्यातच थांबतात. म्हणजे 'दोन पेले पाण्याने पोट तट्ट होते' हे त्यांचे म्हणणे मोजून पाहता येते. गेल्या दोन-अडीच दशकांत सीटी स्कॅनच्या साहाय्याने आणखी एक गोष्ट दिसून आली आहे. पोट फुगले म्हणणाऱ्या बऱ्याच रुग्णांत आतील वायूचे प्रमाण फारसे वाढलेले नसते. श्वासपटल खाली सरकलेले आणि पोटाची पुढची भिंत ढिली पडलेली असते. वायू तेवढाच, पण त्याची जागा आणि गती बिघडलेली. वातदोषाचा विचार करणाऱ्यास ही कल्पना परकी वाटू नये.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. पोट फुगणे म्हटले की आपण 'आध्मान' असे लिहून मोकळे होतो. सुश्रुताचार्यांनी मात्र निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दोन अवस्था वेगळ्या सांगितल्या आहेत. वाताच्या अवरोधामुळे गुडगुडीसह, तीव्र वेदनेसह सर्व उदर ताणले जाते ते आध्मान. पार्श्व व हृदय यांना सोडून आमाशयात उत्पन्न होते आणि ज्यात वायू कफाने व्याकुळ झालेला असतो, ते प्रत्याध्मान. पाण्याने पोट फुगते म्हणणारा रुग्ण हात कोठे ठेवतो ते पाहावे. तो बहुधा बेंबीच्या वर, छातीच्या खाली ठेवतो. वेदना फारशी नसते. जडपणा, तडस, मळमळ, ढेकर अडकल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतात. हे चित्र प्रत्याध्मानाचे आहे. आम्ही वर्षानुवर्षे त्यास आध्मान समजून वातानुलोमन देत राहिलो. शौचास साफ होई, पण पोटाचा वरचा भाग होता तसाच राही.

यात पाण्याचा संबंध कसा, हेही ग्रंथात स्पष्ट आहे. सुश्रुत सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात अन्न न पचण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत पहिलेच अत्यंबुपान आहे; विषमाशन, वेगधारण आणि निद्राविपर्यय त्याच्या मागून येतात. पाणी द्रव, शीत. अग्नी मंद असता ते आमाशयातील क्लेदक कफास वाढविते. क्लेद वाढला की समान वायूची वाट अडते. आपल्या परंपरेने पाण्याकडे केवळ वाहून जाणारे द्रव्य म्हणून पाहिले नाही, तर पचवावे लागणारे द्रव्य म्हणून पाहिले. भावप्रकाशात त्याचा काळही दिला आहे: न तापविलेले पाणी एका प्रहरात, उकळून गार केलेले अर्ध्या प्रहरात आणि उकळलेले कोमट पाणी पाव प्रहरात पचते. हे आकडे जठर रिकामे होण्याच्या मिनिटांशी जुळवू जाणे व्यर्थ होय. दोन्हींचे विषय भिन्न आहेत. परंतु कोमट पाणी हलके आणि गार पाणी जड, हा क्रम रुग्ण आपणहून सांगतात, आणि अतिशीत पेय जठरातून सुरुवातीस सावकाश पुढे सरकते असे आधुनिक निरीक्षणही आहे.

वाग्भटाचार्यांनी मंदाग्नी, गुल्म, पांडू, उदर, अतिसार, अर्श, ग्रहणी, शोष व शोथ असलेल्यांनी पाणी बेताने प्यावे असे सांगून, शरद व ग्रीष्म वगळता निरोगी माणसानेही ते अल्पच घ्यावे असे म्हटले आहे. आजच्या 'दिवसाला आठ ग्लास' या घोषाशी हे विसंगत वाटते. या घोषाचे मूळही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये प्रौढ माणसास रोज सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले आणि त्यातील बराचसा भाग शिजविलेल्या अन्नातूनच मिळतो, असेही लगोलग नोंदविले. पुढे पहिले वाक्य जगभर गेले. दुसरे मागे राहिले. हाइन्झ व्हॅल्टिन या शरीरक्रियातज्ज्ञांनी २००२ मध्ये या आठ ग्लासांचा शोध घेतला, तेव्हा निरोगी माणसासाठी त्यास आधार देणारा पुरावा त्यांना सापडला नाही. वरण-भात, आमटी, पालेभाजी, ताक असे जेवणाऱ्या माणसाच्या पोटात ताटातूनच किती पाणी जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अल्प पाणी प्या म्हणणे आणि तहान मारा म्हणणे यांत मोठे अंतर आहे. तहान हा चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी एक आहे. आमच्या पाहण्यातील कितीतरी रुग्णांचे मूळ तहान दाबण्यातच सापडले.

वस्तीवरील शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंचे उदाहरण देतो. वय अडतीस. रोज रात्री नऊच्या सुमारास पोट एवढे फुगे की साडीची गाठ सैल करावी लागे. आहारात दोष सापडेना. शेवटी आम्ही त्यांना सकाळपासूनच्या पाण्याचा हिशेब विचारला. सकाळी सात वाजता चहा. त्यानंतर सायंकाळी साडेपाचला घरी पोहोचेपर्यंत जेमतेम अर्धा पेला पाणी. कारण विचारता त्या थोड्या संकोचाने म्हणाल्या, "शाळेत बायकांसाठी सोय नाही हो, डॉक्टर. प्यायलं की जावं लागतं. मग पीतच नाही." घरी आल्यावर फ्रिजमधील थंड पाण्याची बाटली उभ्याउभ्याच रिकामी होई, त्यावर चहा, आणि दोन तासांत जेवण. म्हणजे पिपासेचा वेग धारण, मूत्राचा वेग धारण, नंतर एकदम शीत अत्यंबुपान आणि त्यावर अन्न. इतक्या हेतूंवर चूर्णाची मात्रा वाढवून काय होणार? आम्ही औषध बदलले नाही. माठातील पाणी, बसून, संध्याकाळी थोडे थोडे. शाळेत दर तासाच्या अंतराने दोन-चार घोट. आणि शाळेजवळच्या एका घरी जाण्याची परवानगी त्यांनी मागून घ्यावी, एवढे सुचविले. महिन्याभरात रात्रीची तक्रार निम्म्याहून कमी झाली. शाळेत सोय झाली ती पुढे बऱ्याच काळाने. शेतात, बाजारात, बसच्या फेरीवर दिवस काढणाऱ्या किती स्त्रिया या वाटेने आपल्याकडे येतात, याचा विचार आपण करीत नाही. प्रश्न विचारल्याशिवाय त्या हे सांगत नाहीत, आणि पुरुष वैद्यास तर नाहीच.

दुसरा गट मूतखड्याच्या रुग्णांचा. येथे वैद्याची खरी अडचण होते. खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी एवढे पाणी पिणे आवश्यक असते आणि हा सल्ला योग्यच आहे. पण रुग्ण तो कसा पाळतो? सकाळी एक लिटर, दुपारी एक, रात्री झोपण्यापूर्वी एक. त्याचे पोट फुगते, भूक जाते; मग तो पाणीच सोडतो आणि खडा परत येतो. अशा रुग्णास 'अल्पांबुपान' सांगणे म्हणजे एक रोग काढून दुसरा देणे होय. त्याचे एकूण पाणी कमी करू नये, वाटणी बदलावी. दर अर्ध्या-पाऊण तासाने शंभर-दीडशे मिलिलिटर, जेवणाच्या आधी व नंतर थोडे अंतर ठेवून. ज्यांचे वृक्क वा हृदय दुर्बल आहे, पायांवर सूज आहे, किंवा ज्यांना लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचे पाण्याचे प्रमाण मात्र त्यांच्या तज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे.

तिसरा गट उषःपान करणाऱ्यांचा, आणि यात सुशिक्षितांचा भरणा अधिक आहे. पहाटे उठून दीड लिटर पाणी एका बैठकीत प्या, सर्व रोग जातात, अशी पत्रके घरोघर फिरली आहेत आणि त्यास आयुर्वेदाचा आधार सांगितला जातो. भावप्रकाशात उषःपानाचे जे प्रमाण आहे ते आठ प्रसृती. एक प्रसृती म्हणजे दोन पल, म्हणजे आठ तोळे. आठ प्रसृती म्हणजे चौसष्ट तोळे. आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटर. द्रवद्वैगुण्याने ते दीड लिटर होते, असा युक्तिवाद आम्ही एका चर्चासत्रात ऐकला. परंतु शार्ङ्गधरांच्या मते गुंजेपासून कुडवापर्यंतची माने द्रवासही समानच धरावयाची असतात. दुप्पट होतात ती प्रस्थापासून पुढची. प्रसृती ही कुडवाच्या निम्मी. तेव्हा दुप्पट करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. शिवाय हे पाऊण लिटरही अग्निबल पाहून द्यावयाचे. ज्याला रात्रीचे अन्नच पचलेले नाही, ज्याची जीभ सकाळी पांढरी आहे, त्याला उषःपान हितकर कसे होईल? त्या पाण्यात मध घालून ते गरम पिण्याची टूमही मध्यंतरी फोफावली. मधाचा उष्णतेशी विरोध आहे हे तरी आपल्या रुग्णांस आपणच सांगावयास हवे.

चिकित्सेचे सूत्र सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात थोडक्यात दिले आहे. प्रत्याध्मानात वमन, अपतर्पण व दीपन. आध्मानात अपतर्पण, दीपन-पाचन, हात तापवून पोट शेकणे, फलवर्ती, बस्ती. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या सौम्य रुग्णास वमनाची गरज क्वचितच पडते. लंघन व दीपन यांवर काम भागते. आमचा क्रम असा असतो. दोन दिवस रात्रीचे जेवण हलके, मऊ भात व मुगाचे वरण, सूर्यास्तानंतर लवकर. पिण्यास उष्णोदक. वाग्भटांनी उष्णोदकाची जी उपयोगस्थाने दिली आहेत त्यांत आध्मान नावानिशी आले आहे. त्याचबरोबर ते दीपन, पाचन व बस्तिशोधन आहे. पाणी चांगले उकळून, शक्य तर आटवून, कोमट असताना घोट घोट घ्यावे. उकळून रात्रभर ठेवलेले शिळे पाणी मात्र त्रिदोषकारक म्हटले आहे. सकाळी थर्मासमध्ये भरलेले पाणी त्याच दिवशी संपवावे.

कफाचे लक्षण ठळक असेल तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम सुंठ घालून ते निम्मे आटवावे आणि गाळून दिवसभरात थोडे थोडे द्यावे. छातीत जळजळ, आंबट ढेकर, तोंड येणे असे पित्ताचे लक्षण असेल तर सुंठ देऊ नये; धने व बडीशेप यांचे पाणी उकळून गार करून द्यावे. क्वथितशीत जल पित्तात हितकर आहेच. हिंग्वष्टक चूर्ण तीन ग्रॅमपर्यंत जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून द्यावे. अनेक रुग्ण ते जेवणानंतर पाण्याबरोबर घेतात आणि उपयोग नाही म्हणतात. त्यात सैंधव आहे हे रक्तदाबाच्या रुग्णाबाबत विसरू नये. मलावरोध असेल तर रात्री गंधर्वहरीतकी. भरलेल्या पक्वाशयावर कितीही कोमट पाणी ओतले तरी ताण वाढण्याखेरीज काही होत नाही.

जेवताना पाणी प्यावे की नाही, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. अजिबात पिऊ नये असा हल्ली प्रचार आहे; त्यास ग्रंथाधार नाही. वाग्भटांनी भोजनमध्यी घेतलेले पाणी शरीर सम ठेवते, आधी घेतलेले कृश करते आणि शेवटी घेतलेले स्थूल करते, असे सांगितले आहे. कुक्षीचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पानास आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, हेही त्यांचेच. आमच्या अनुभवात जेवताना घोट घोट मिळून एक वाटीभर पाणी बहुतेकांस मानवते. तो चौथा भाग मोकळा ठेवण्याचा उपदेश लोक हसून ऐकतात. पाण्याने पोट फुगणाऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

जेवणानंतर दहा मिनिटे वज्रासन आणि दिवसातून दोन वेळा उताणे निजून, पोटावर हात ठेवून संथ श्वसन, एवढे आम्ही प्रत्येकास शिकवितो. श्वासपटलाच्या ज्या बिघाडाचा वर उल्लेख केला त्यावर याचा गुण येतो. पाण्याचा क्षार हाही विचारण्याचा विषय आहे. बोअरवेलचे पाणी सुरू झाल्यापासून त्रास, असा स्पष्ट कालसंबंध असेल तर पंधरा दिवस दुसऱ्या पाण्याची व्यवस्था करून पाहावी.

आता एक गोष्ट लिहिणे कठीण आहे, पण लिहिली पाहिजे. चौपन्न वर्षांच्या एक मावशी आमच्याकडे याच तक्रारीने येत होत्या. "पाणी प्यायलं तरी पोट फुगतं, चार घासांत पोट भरतं." मासिक पाळी थांबून चार वर्षे झाली होती. आम्ही प्रत्याध्मान असे निदान केले, वर लिहिला तोच क्रम दिला आणि मधून मधून त्या बरे वाटते म्हणत, त्यावर समाधान मानले. दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या सुनेने विचारले की, सासूबाईंचे हात वाळले आणि पोट तेवढे वाढले, असे कसे? त्या दिवशी आम्ही त्यांना प्रथमच नीट निजवून तपासले. कुशी भरलेल्या होत्या. कूस बदलताच ठोकण्याचा आवाज बदलत होता. सोनोग्राफीत उदरात पाणी आणि अंडाशयाची गाठ निघाली. पुढचे उपचार शहरात झाले. ते दोन महिने आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही.

मंदाग्नी व कृश व्यक्तीतील अत्यंबुपान हा हेतू चरकाचार्यांनी जलोदरातही सांगितला आहे. एकाच वाक्याने रुग्ण दोन्हींकडे बोट दाखवितो, हे आम्हांस पाठ होते आणि तरी आम्ही चुकलो. तेव्हापासून काही गोष्टी आम्ही सोडत नाही. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे नव्याने सुरू झालेले आणि तीन-चार आठवडे रोज राहणारे फुगणे, विशेषतः स्त्रियांत, वजन घटणे, थोड्याच घासांत पोट भरणे, वारंवार लघवी, मलातून रक्त, वारंवार उलटी, कावीळ, पायांवर सूज. यांपैकी काहीही असल्यास औषध देण्यापूर्वी सोनोग्राफी व तज्ज्ञांचे मत घ्यावे. पोट एकाएकी ताठ होऊन शौच आणि वायू दोन्ही बंद झाले असतील, तर घरगुती उपायात एक तासही घालवू नये.

या सर्वांत साधा उपाय शिंप्याच्या फितीचा. ती आमच्या मेजाच्या खणात असते. रुग्णास सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर बेंबीच्या पातळीवर घेर मोजून आठ दिवस लिहून आणावयास सांगावे. प्रत्याध्मानात रात्री वाढलेला घेर सकाळी बहुधा उतरलेला असतो. सकाळचा आकडाच आठवडाभरात वर सरकत असेल, तर त्या रुग्णास त्याच दिवशी निजवून तपासावे.